गल्ली नंबर सातचे चावरे नळ

जगात आजवर दोनच माणसांना वीज खऱ्या अर्थानं कळली. त्यांतला पहिला परदेशी होता, त्याचं नाव मला आता आठवत नाही. दुसरा मी.

हे वाक्य मी एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी, न्हाणीच्या दारात, कमरेला टॉवेल गुंडाळून उच्चारलं. ऐकायला बायको होती. वाक्याला वजन यावं म्हणून शेवटी मी नळावर हात टेकवला, आणि पुढच्या क्षणी मी बादलीत बसलेला होतो. बादली भरलेली होती.

"चावला ना?" द्वारकाबाई म्हणाली. ती माझी बायको, पण तिला घरीदारी सगळे बाईच म्हणतात, त्यामुळे मीही.

"नळ चावत नसतो," मी बादलीतून म्हणालो. "पाय घसरला."

"मला रोज चावतो."

"तुझा वात आहे."

तिनं मला हात देऊन उठवलं, आणि उठवताना तिनं पायात रबरी चप्पल घातलेली होती, हे माझ्या लक्षात आलं. पण अशा वेळी माणूस बारकावे बघत नाही.

मी साहेबराव औताडे. वीजखात्यात चौतीस वर्षं वायरमन होतो. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी चिकलठाण्याच्या कारखान्यांमागच्या आमच्या गल्ली नंबर सातमध्ये मला अजून सगळे वायरमनसाहेबच म्हणतात. आपणहून म्हणतात. सुरुवातीची काही वर्षं फक्त आठवण करून द्यावी लागली.

गल्लीत अठ्ठावीस घरं. त्यांतल्या एकोणीस घरांची वायरिंग मी स्वतःच्या हातानं केलेली, सुटीच्या दिवशी, चहापोह्यांवर. चौतीस वर्षांत मी टेस्टर वापरला नाही. तारेत वीज आहे की नाही हे मी हाताच्या पालथ्या बाजूनं ओळखायचो. तळहात लावला तर वीज माणसाला धरून ठेवते, पालथा लावला तर झटकून देते, एवढं शास्त्र पुरतं. उजव्या हाताची करंगळी जरा वाकडी आहे. पण चौतीस वर्षांच्या सहवासात एखादा मतभेद व्हायचाच.

अशा घरात सूनही वायरमन यावी हा योगायोग. आमच्या सोमनाथसाठी दौलताबादकडचं स्थळ आलं तेव्हा मध्यस्थ म्हणाला होता, "मुलगी इलेक्ट्रिकमध्ये आहे." मला वाटलं दुकानात असेल, पंखे-बिंखे विकत असेल. लग्नानंतर पंधरा दिवसांनी सायली हेल्मेट घालून, कमरेला पक्कड-पान्ह्यांचा पट्टा बांधून दारातून बाहेर पडली, तेव्हा उलगडा झाला. तिनं आयटीआयला वायरमनचाच ट्रेड केलेला होता. मी द्वारकाबाईला विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "सगळ्या पाव्हण्यांना माहीत व्हतं. तुमी त्या वेळी स्वतःबद्दल सांगत व्हते."

सायली स्मार्ट मीटर बसवायच्या कामावर लागली. सहा महिने तिनं दुसऱ्यांच्या हाताखाली शिडी धरली. त्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा तिच्या नावावर टीम झाली: एक ती आणि एक मोनिका नावाची तिची जोडीदार, जी कामाच्या वेळी कागद, मोबाईल आणि मौन ही तिन्ही सांभाळायची. टीमला पहिली गल्ली मिळाली ती नेमकी आमची. पुढच्या सोमवारपर्यंत अठ्ठावीस घरं. झाली तर टीम तिची राहणार. नाही झाली तर गल्ली दुसऱ्याला, आणि सायली परत शिडी धरायला.

आणि गल्ली नाही म्हणत होती.

त्याला कारण मी होतो. महिन्याभरापूर्वी गीताबाईच्या पिठाच्या गिरणीसमोरच्या ओट्यावर उभं राहून मी स्मार्ट मीटरवर पाऊण तास बोललो होतो. सूनबाई मीटरच्या कामावर आहे हे मला माहीत होतं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. मीटरला माणूस ओळखता येत नाही, असा माझा मुख्य मुद्दा होता. जुन्या मीटरला रीडिंग घ्यायला माणूस यायचा, तो पाणी मागायचा, बसायचा, ख्यालीखुशाली विचारायचा. नवा मीटर जागच्या जागी बसून ऑफिसला सगळं कळवतो, याला चहाडखोरी म्हणतात. टाळ्या पडल्या. तेव्हापासून सायली ज्या दारात जाई तिथं एकच उत्तर मिळे: आधी वायरमनसाहेबांच्या घरी लागू द्या. त्यांनी मान डोलावली की आमच्याकडं या.

रविवारी जेवताना, म्हणजे बादलीचा प्रसंग होऊन दोन तासांनी, सायलीनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "मामा, मंगळवारी साडेनऊला येते तुमच्याकडं."

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात.

"कुठून येतेस? इथंच राहतेस की."

"ऑफिसकडून."

मी होकार दिला. उदार मनानं दिला असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. खरं कारण असं, की मला तिची परीक्षा घ्यायची होती. निदान तीन चुका काढायच्या, त्या तिला एकांतात समजावून सांगायच्या, आणि मग गल्लीसमोर मान डोलवायची, असा बेत होता. चुका कोणत्या ते ठरलं नव्हतं. ते आयत्या वेळी सुचतं.

मंगळवारी सकाळी आठला सायलीनं मला चहा दिला, हेल्मेट घेतलं आणि ऑफिसला गेली. साडेनऊला दार वाजलं. उघडलं तर तीच. मागं मोनिका, आणि फाटकाबाहेर निम्मी गल्ली. कचरू साळवे सगळ्यांत पुढं. हा माझा शेजारी, कारखान्यातला निवृत्त फिटर. तीस वर्षांत माझं एकही विधान त्यानं बिनविरोध मंजूर केलेलं नाही.

सायलीनं छातीवरचं ओळखपत्र पुढं केलं. "नमस्कार. ग्राहक साहेबराव गणपतराव औताडे आपणच का?"

"सकाळी चहा कुणाला दिलास?"

"सासऱ्यांना. ग्राहक आपणच का?"

"व्हय म्हणा, वायरमनसाहेब," फाटकाबाहेरून कचरू म्हणाला. "नसंल खात्री तर वहिनींना इचारा."

मी व्हय म्हणालो. द्वारकाबाई आतून आली, "अगं, सावलीत तर ये, सरबत करते." सायली म्हणाली, "आत्या, संध्याकाळी घरी आल्यावर." द्वारकाबाईला हा हिशेब कळेना. घरी आलेली सून घरी आल्यावर सरबत पिणार होती.

मग कामाला सुरुवात झाली आणि मी खुर्ची टाकून चुका शोधायला बसलो.

तिनं आधी हातमोजे तपासले. फुंकर मारून फुगवले, कानाशी धरले, हवा कुठून निसटते का ऐकलं. पायाखाली रबरी चटई टाकली. मोनिकानं खांबावरून येणारी लाइन बंद केली आणि तिथं पाटी अडकवली, काम चालू आहे, हात लावू नये. आमच्या वेळी अशी पाटी नसायची. आम्ही खाली उभ्या असलेल्या माणसाला ओरडून सांगायचो, आणि तो चहाला जायचा.

त्यानंतर सायलीनं टेस्टर काढला. दोन टोकांचा, आकडे दाखवणारा. तो आधी कचरूच्या चालू लाइनवर लावून बघितला. मग आमच्या बंद तारेवर. मग परत कचरूच्या चालू लाइनवर.

मला पहिली चूक सापडली. "एकाच कामाला तीन तीन वेळा?"

"पहिल्यांदा टेस्टर चालू आहे का ते बघायचं. दुसऱ्यांदा तार बंद आहे का. तिसऱ्यांदा, मधल्या वेळात टेस्टरच मेला नाही ना."

"आणि हाताची पालथी बाजू?"

"ती एकदाच तपासता येते, मामा," ती म्हणाली, आणि जीभ चावून, "ग्राहक" अशी दुरुस्ती केली.

फाटकाबाहेर लोक हसले. मी पहिली चूक मागं घेतली.

जुना मीटर उतरला, नवा बसला. स्क्रू घट्ट करताना ती प्रत्येक तार ओढून बघत होती, जशी द्वारकाबाई बाजारात भेंडीचं टोक मोडून बघते. काम चांगलं होतं. आतून मला ते कळत होतं, आणि ते कळतंय हे बाहेर दिसू नये म्हणून मी छताकडं बघत होतो.

"अर्थिंग कुठं दिलंय?" तिनं विचारलं.

मी या प्रश्नाची वाट बघत होतो. वाचकांपैकी ज्यांनी आयुष्यात कधी वायरमन पाळला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: कूलर, फ्रीज, मोटार यांच्या लोखंडी अंगात चुकून वीज उतरली तर ती माणसात न शिरता जमिनीत जावी म्हणून एक तिसरी तार असते. तिचं एक टोक सगळ्या यंत्रांना आणि दुसरं टोक जमिनीला. ते अर्थिंग. गरीब माणसाला जमिनीत खड्डा घेऊन पाइप पुरणं जमत नाही, म्हणून मी एक युक्ती काढली होती.

मी खुर्चीवरून उठलो. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "न्हाणीच्या नळाला. नळाचा लोखंडी पाइप म्हणजे थेट जमिनीतून मेन लाइनपर्यंत. सन एकोणीसशे त्र्याण्णव. एक इंजिनीअर बघायला आले होते." इंजिनीअर खरोखर आले होते. पत्ता विचारायला आले होते, पण नजर नळाकडं गेली होती.

सायलीनं तारेवर बोट ठेवलं आणि तारेमागं चालत न्हाणीपर्यंत गेली. मी मागोमाग. तिनं पान्ह्यानं नळाखालच्या पाइपवर वरून खाली टोले दिले. ठण. ठण. ठण. मग वीतभर खाली, भिंतीत शिरण्याआधी: ठप.

ती थांबली. परत मारलं. ठप.

"मामा, हा खाली प्लास्टिकचा आहे."

आहेच. तीन वर्षांपूर्वी मीच बदलून घेतला. लोखंड गंजतं, प्लास्टिक गंजत नाही. प्लंबर काम करत होता तेव्हा मी तिथंच, याच खुर्चीत बसलो होतो. एक फूट लोखंड वर राहू दे, अर्थिंगची तार त्याला बांधलेली आहे, असं त्याला बजावणारा मीच. तार सांभाळली. ती ज्याच्यासाठी बांधली होती ती जमीन तेवढी काढून टाकली.

सायली पुढं गेली, तिनं भिंतीवरचा कूलरचा स्विच दाबला, मोनिकाला लाइन द्यायला सांगितलं आणि मला न्हाणीबाहेर काढलं. मग टेस्टरचं एक टोक नळाला, दुसरं ओल्या फरशीला. व्होल्टचा आकडा आला. तिनं टेस्टर फक्त मला दिसेल असा धरला.

एकशे सव्वीस.

म्हणजे कूलरच्या अंगातली वीज तिसऱ्या तारेनं निघाली, जमिनीत जायचं म्हणून निघाली, आणि जमीनच नाही म्हटल्यावर फ्रीजच्या दारात, मोटारीवर आणि नळाच्या तोटीवर जाऊन बसली. जिथं रोज सकाळी द्वारकाबाई ओल्या हातानं कळशी लावते. जिला मी तीन वर्षं वात झालाय म्हणून सांगत होतो, आणि ती माझ्या शब्दाखातर गुडघ्याला तेल लावत होती.

सायलीनं खटका पाडला. लाइन बंद. तिच्या चेहऱ्यावरचं ऑफिस उतरलं होतं.

"मामा," ती हळू आवाजात म्हणाली, "अर्थिंगचं रीडिंग येईपर्यंत मी घराची लाइन चालू करणार नाही. फॉर्मवर 'अर्थिंग नाही' एवढंच लिहावं लागतं. कुणी केलं होतं, असा रकाना नाही."

पोरीनं मला वाट करून दिली होती. तेवढ्या घाईत, स्वतःची टीम टांगणीला लागलेली असताना, तिनं फॉर्ममध्ये माझी अब्रू झाकायला जागा शोधली होती. मी गप्प राहिलो असतो तर बाहेर कुणाला काही कळलं नसतं. आमच्या घरचा एक खड्डा घेतला असता, मी मान डोलावली असती, तिचे मीटर लागले असते.

पण एकोणीस घरं माझ्या हातची होती. एकोणीस घरांत तिसरी तार नळाला. आणि तीन वर्षांपूर्वी घरोघर जाऊन प्लास्टिकचे पाइप घ्या म्हणून सांगणाराही मीच.

"काय वायरमनसाहेब," कचरूनं फाटकातून आवाज दिला, "पास का नापास?"

मी बाहेर आलो. गीताबाई फाटकाला टेकून उभी होती, अंगावर पीठ उडालेलं. तिची नात उन्हाळ्यात दिवसातून तीनदा नळाखाली बसते. कूलर त्याच भिंतीला.

"नापास," मी म्हणालो. "मीटर नाही. मी."

मी सगळं सांगितलं. नळ, तार, प्लास्टिक, एकशे सव्वीस. भाषण करायची सवय असलेल्या माणसाला चार वाक्यांत बोलणं किती अवघड जातं ते त्या दिवशी समजलं.

मी शिव्यांची वाट बघत होतो. कचरू डोकं खाजवत म्हणाला, "मंग माझा नळ चावतो ते खरंय व्हय? मला वाटलं वय झालं. मी दीड वर्ष झालं बूट घालून आंघूळ करतो."

"बूट?"

"कारखान्यातले. रबरी."

"आन मी त्याला रोज हळदकुंकू वाहते," गीताबाई म्हणाली. "म्हटलं काय की कोपलंय. हळदकुंकू वाहिलं आन मंग फडक्यानं धरून सोडते."

मागून कुणीतरी सांगितलं की त्यांच्याकडं नळ लाकडी काठीनं उघडतात. आणखी एकीनं सांगितलं, पाव्हणे आले की नळ आधी आपणच सोडून द्यायचा.

"अरे मग मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी कचरूच बोलला. "तुमी केलेलं काम. नाव ठेवलं तर तुमाला वाईट वाटंल म्हणून नाय सांगितलं."

तीन वर्षं गल्ली नंबर सात माझ्या मनाला लागू नये म्हणून बूट घालून आंघोळ करत होती. मला यावर काही बोलायचं होतं, पण घशाला कोरड पडली होती आणि नळाकडं जायची सोय नव्हती.

सायली मात्र बोलली. फार मोठ्या आवाजात नाही. "ज्यांचे नळ प्लास्टिकवर आहेत त्यांनी आत्ता कूलर आणि मोटारीच्या पिना काढा. नुसतं बटण बंद नाही, पीन काढा. मी आणि मोनिका प्रत्येक घर तपासतो. या घरात आज अर्थिंगचा खड्डा होईल, तो कसा करायचा ते सगळ्यांनी बघा."

आता एक अडचण. आमच्याकडं पालिकेचं पाणी आठव्या दिवशी येतं, एरवी नळ टाकीवर चालतो, आणि आठवा दिवस म्हणजे तोच मंगळवार. दुपारी चार वाजता, पाऊण तास. त्या पाऊण तासात मोटार लावून टाकी भरली तर भरली. लाइन नाही तर मोटार नाही.

"चारच्या आत होईल का?" मी विचारलं.

"रीडिंग आलं तर चारला चालू करते. नाही आलं तर नाही."

"घरचं घर आहे."

"म्हणूनच."

मी लिंबाच्या झाडाशेजारी खुर्ची ठेवली आणि खोदकामाला मार्गदर्शन सुरू केलं. सायली जाताना म्हणाली, "खुर्ची उचला मामा, खड्डा तिथंच आहे." मग मी टिकाव घेतला. कचरूनं घरून पहार आणली. दोन फूट काळी माती, मग मुरूम, मग कचरूची भाषा. पाइप म्हणून मी गच्चीवर जपून ठेवलेला जुना लोखंडी पाइप मोठ्या भावनेनं खाली आणला. सायलीनं त्यावर पान्हा घासला, गंजाचे पापुद्रे पडले. "चालणार नाही," ती म्हणाली आणि नवा आणायला सांगितला. भावनेचं रीडिंग घेत नाहीत.

बाराच्या सुमाराला सायली आणि मोनिका गल्ली तपासून आल्या. एकोणीसपैकी सतरा घरांचं अर्थिंग गेलेलं होतं. सहा नळ चावत होते. उरलेली दोन घरं ठीक होती. त्या दोघांनी माझा सल्ला ऐकला नव्हता.

तीन वाजता पाच फुटांवर पाइप उभा राहिला. भोवती कोळशाचा थर, मिठाचा थर, परत कोळसा, परत मीठ, आणि वरून पाणी. मिठानं ओल धरली की जमीन वीज पटकन घेते. सायलीनं अंगणात दोन खुंट्या ठोकल्या, तारा जोडल्या, अर्थ टेस्टरचं बटण दाबलं.

"अकरा. पाच ओहमच्या खाली हवं."

"अकरा काही वाईट नाही," मी म्हणालो. तिनं माझ्याकडं बघितलं. मी स्वयंपाकघरात गेलो आणि मिठाची बरणी आणली. द्वारकाबाई म्हणाली, "अहो, राहू द्या थोडं." मी म्हणालो, जिवापेक्षा मीठ मोठं नाही.

"सात."

साडेतीन वाजले होते. मग गीताबाईनं डबा आणला, कचरूच्या घरून पुडा आला, आणि ज्यांच्या नळांनी तीन वर्षं चावे घेतले होते त्यांनी आपापल्या घरचं मीठ आणून माझ्या खड्ड्यात ओतलं. प्रत्येकीनं वरून तांब्याभर पाणी, आठव्या दिवशीच्या सकाळचं, म्हणजे टाकीच्या तळातलं. मी खड्ड्याच्या काठावर मातीनं माखून उभा होतो. माझ्या कामाचा एवढा मोठा सत्कार निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता.

"चार पॉइंट सहा," मोनिका म्हणाली. दिवसभरातलं हे तिचं पहिलं वाक्य.

सायलीनं तार जोडली, खटका वर केला. नव्या मीटरवर आकडे उजळले. मी न्हाणीत गेलो, सवयीनं पालथा हात नळाकडं नेला, आणि कुणीतरी मनगट धरलं.

"मामा," सायली म्हणाली, आणि माझ्या हातात टेस्टर दिला.

मी तो कचरूच्या चालू लाइनवर लावला. मग नळावर. मग परत कचरूच्या लाइनवर. आख्खी गल्ली बघत होती, कुणी हसलं नाही. नळावरचा आकडा शून्य होता. चार वाजून दहा मिनिटांनी तोटीतून आधी हवा आली, मग गंज नसलेलं पाणी. द्वारकाबाईनं पायातली रबरी चप्पल काढून न्हाणीबाहेर ठेवली आणि ओल्या हातानं कळशी लावली.

पुढचे पाच दिवस मी सायलीच्या हाताखाली होतो. दोन घरांत मिळून एक खड्डा, असं ठरलं. खडेमिठाची पोती आली, कचरूनं पहारीला धार लावली. ती सांगेल तिथं मी खणायचो, ती म्हणेल तेव्हा थांबायचो, आणि रीडिंग पाचच्या वर आलं की मान खाली घालून अजून मीठ आणायला जायचो. एकदा मी शिडीवर चढताना तिनं मला खाली उतरवलं आणि शिडी धरायला लावली. मी धरली. दोन्ही हातांनी धरली. वर ती काम करत होती आणि खालून जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होतो, माझी सून आहे. न विचारता सांगत होतो. काही लोकांना दोनदा सांगितलं.

रविवारी दुपारी तीन वाजता अठ्ठाविसावं घर झालं. शेवटच्या खड्ड्याला पोत्यातलं मीठ संपलं, कोपऱ्यावरच्या दुकानातलंही संपलं, तेव्हा आमच्या घरी नव्यानं भरलेली बरणी होती, ती मी नेली.

पाच वाजता गीताबाईच्या गिरणीसमोर त्याच ओट्यावर सायलीचा सत्कार झाला. तिनं हेल्मेट काढलं नाही, शाल त्याच्यावरूनच पांघरली. दोन शब्द बोल म्हणाले. ती म्हणाली, "अठ्ठावीस घरं झाली. सतरा घरांना नवीन अर्थिंग झालं. खड्ड्यांचं काम हेल्पर साहेबराव औताडे यांनी केलं." आणि खाली उतरली.

चौतीस वर्षांत मला खात्याकडून दोन प्रशस्तिपत्रं मिळाली, त्यांतल्या एकावर नाव दुसऱ्याचं आहे. त्या दिवशी हेल्पर हा शब्द ऐकून माझी छाती इतकी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण मी आपणहून काढलं. कचरू शेजारी उभा होता. तो म्हणाला, "रडताय का काय?" मी म्हणालो, पीठ गेलं डोळ्यात. गिरणी त्या दिवशी बंद होती. तो काही बोलला नाही, तीस वर्षांत पहिल्यांदाच.

मग मला राहवलं नाही. मी ओट्यावर चढलो.

"जगात आजवर," मी म्हणालो, "तीनच माणसांना वीज खऱ्या अर्थानं कळली. त्यांतली तिसरी..."

कुणीतरी सदरा ओढला. खाली द्वारकाबाई उभी होती, हातात रिकामी बरणी.

"ते बोला तुमी सावकाश," ती म्हणाली. "पण आधी फाट्यावरच्या दुकानातून मिठाचा एक पुडा आणा. कालवण अळणी झालंय, आन गल्लीत कुणाकडंच चिमूटभर नाय."